हळदीला लावलेला बोल

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, सख्ख्या बहिणीला तर मुळीच नाही — तिला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत माझ्या अख्ख्या माहेराला कळेल. देवापुढे हात जोडते तेव्हाही या विषयाजवळ आले की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागायला लागते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. उद्या बाजारात भाजी घेताना तुमच्याशी नजरानजर होणार नाही म्हणून. याहून बरं कारण माझ्याकडे असेल असं समजू नका.

आधी माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी संशयी बाई आहे. सातिवलीला एका गाळ्यात प्लॅस्टिकची झाकणं बनतात, तिथे तयार माल तपासायचं काम मी कित्येक वर्षं करते. झाकण हातात घ्यायचं, उजेडाकडे धरायचं, कडेवरून बोट फिरवायचं, कुठे चीर आहे का बघायचं. चीर आहेच असं धरून बघावं लागतं, नाहीतर ती सापडत नाही. ही सवय मी घरी घेऊन येते. दूधवाला उगाच हसला तर मला वाटतं, आज पाणी जास्त घातलं असणार. आमचे हे आगाशीच्या बाजारात वह्या-पेनांचं दुकान चालवतात; ते जरा लवकर घरी आले तरी मी विचारते, काय लपवताय? बिचाऱ्यांकडे लपवण्यासारखं काही नसतं. लपवायची वेळ आली ती माझ्यावर.

या स्वभावाने माझ्या दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या पाडल्या होत्या. मी झोपले तरी त्या जायच्या नाहीत. माझं त्यांच्याशी तसं काही भांडण नव्हतं — सौरभच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या साखरपुड्यापर्यंत.

साखरपुडा राजोडीला एका रिसॉर्टवर झाला. फोटोत सौरभ आणि होणारी सून ऋतुजा मधे उभे आहेत, आजूबाजूला सगळे हसतायत, आणि मी — मी अशी दिसते आहे की आत्ता कुणाचं तरी माप काढणार. शपथेवर सांगते, त्या दिवशी मी खूश होते. पण चेहरा माझं ऐकायला तयार नव्हता. काही दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “ताई, आमची ऋतुजा मनापासून पसंत आहे ना तुम्हाला? फोटो बघून आमच्याकडे दोघा-तिघांनी विचारलं, म्हणून.” मी हसून उडवून लावलं. फोन ठेवला, आरशासमोर जाऊन उभी राहिले आणि रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही. लपवण्यासारखं पुढे आहे.

विरारला पश्चिमेला त्वचेचा एक दवाखाना आहे, तिथे मी गेले. डॉक्टरीणबाई तरुण होती, नीट समजावून बोलायची. तिने माझ्यापासून काही लपवलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. कारण पुढे मी ज्यांच्या ज्यांच्यावर संशय घेतला त्यात तीही होती. ती म्हणाली, भुवयांच्या मधे बारीक सुया टोचू, आठी घालणारा स्नायू काही महिने सैल पडेल. डोकं जरा दुखेल, लाल ठिपके उठतील, ते जातील. क्वचित कुणाची पापणी खाली येते, तीही आपोआप वर जाते, पण वेळ लागतो. आणि आज दिवसभर कपाळ चोळायचं नाही, लगेच आडवं व्हायचं नाही, वाफेजवळ जायचं नाही. चोळायचं नाही हे तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. मी मान डोलावली. माझ्यासारख्या माणसाला कुणी जास्त बजावलं की वाटतं, हा उगाच घाबरवतोय.

घरी मी सांगितलं होतं की ब्लाउजचं माप द्यायला चालले आहे. खरं का नाही सांगितलं? अहो, पन्नाशी उलटलेली बाई मी, केळीची पानं आणि भाजी बाजारात पाठवणाऱ्या वाडीवाल्या घरातली सून. आमच्याकडे बायका पार्लरमध्ये भुवया कोरून घेतात, तेवढं चालतं. कपाळात सुया टोचून घेतल्या म्हणून कळलं असतं तर लोकांनी लग्न बाजूला ठेवून माझंच नाव घेतलं असतं. थेरं, म्हणाले असते. आणि यांनी काही म्हटलं नसतं, नुसतं माझ्याकडे बघितलं असतं. ते मला नको होतं.

आता त्या संध्याकाळचं. आमच्या आळीत समोरच्या घरी मुलीचं लग्न होतं आणि तिची हळद नेमकी त्याच संध्याकाळी होती. मी विसरले नव्हते. दवाखान्यात पुढची वेळ लांबची मिळत होती, सौरभचं लग्न जवळ आलेलं, औषधाचा गुण यायला दिवस लागतात — म्हणून मी ती दुपार घेतली. वाटलं, हळदीला जाईन, दारात उभी राहीन, तोंड दाखवून परत येईन. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. ज्या घरात पुढच्या महिन्यात मांडव पडणार त्या घरची बाई दुसऱ्यांच्या हळदीला गेली नाही, तर तिच्या मांडवात कोण येईल? आमच्याकडे हे कुणी बोलून दाखवत नाही, पण लक्षात सगळ्या ठेवतात.

आणि आमच्या आळीतली हळद म्हणजे नलूकाकींची हळद. नलूकाकी माझ्या चुलतसासू, घर आमच्या कुंपणाला लागूनच. काका-काकी दोघंच, मूलबाळ नाही. वाडीत सुपारीच्या सावलीला त्या हळद लावायच्या, स्वतः खणायच्या, उकडायच्या, अंगणात वाळवायच्या. कुणाकडे लग्न निघालं की आधी त्यांना सांगणं जायचं. मग त्या जातं धुऊन-पुसून मांडायच्या, पहिली मूठ त्यांची, पहिलं गाणं त्यांचं, मग बाकीच्या सवाष्णी हात लावायच्या. त्यांच्या स्वतःच्या दारात कधी मांडव पडला नाही, पण आळीतल्या एकाही मांडवात त्यांच्याशिवाय हळद लागली नव्हती. माझ्या लग्नात, या घरात पाऊल टाकल्यावर माझ्या गालाला लागली तीही त्यांचीच. सौरभच्या हळदीची तर त्या त्याच्या बारशापासून वाट बघत होत्या. मांडीवर घेऊन त्याला सांगायच्या, तुझी हळद मी अशी पिवळीधमक काढीन की तू आठ दिवस ऑफिसला जाऊ शकणार नाहीस.

तर मी दारात उभी राहिले. नवरीला हळद लागली, आणि मग आमच्याकडे होतं तसं सुरू झालं — बायकांनी एकमेकींना धरायला सुरुवात केली. काकींनी मला पाहिलं. दोन्ही हात पिवळे, पदर खोचलेला, त्या सरळ माझ्याकडे आल्या. “ये गो बाय, लपतेस कशाला? आता तूच वरमाय. तुला नाय लावायची त कोणाला?” आणि त्यांनी माझ्या कपाळावर दोन्ही अंगठे ठेवले. भुवयांच्या मधोमध. तिथून बाहेरच्या बाजूला, खाली पापण्यांपर्यंत, पुन्हा मधोमध — प्रेमाने, रगडून.

एक शब्द पुरला असता. नको. काकी, नको, कपाळ दुखतंय. एवढंच. मी का नाही बोलले? मला वाटलं, विचारतील, का दुखतंय? मला वाटलं, कुणीतरी जवळून बघेल आणि ते लाल ठिपके दिसतील. ती हळद खरं तर मला बरीच वाटली, ठिपके झाकले गेले म्हणून. मी हसत होते. फोटोही आहे — त्यात मात्र मी छान दिसते.

चार-पाच दिवसांनी सकाळी उठले तर उजवा डोळा अर्धाच उघडत होता. दुखत नव्हतं काही. पापणी नुसती खाली आली होती, दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकावं तशी. यांनी बघितलं आणि हातातला चहाचा कप तसाच ओट्यावर ठेवला. त्यांना वाटलं, अर्धांगवायू. मला रिक्षात घालून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हसायला लावलं, गाल फुगवायला लावले, दोन्ही हात वर करायला लावले. मग म्हणाले, भुवया जवळ आणा, मधे आठ्या घाला. आठ्या पडेनात. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, “चेहऱ्यावर काही उपचार केलेत का एवढ्यात? इंजेक्शन वगैरे?”

शेजारी हे माझी पर्स छातीशी धरून बसलेले. घामाघूम. मी म्हटलं, “नाही हो डॉक्टर.” अजून सांगते, ते बोलायला मला काही कष्ट पडले नाहीत. डॉक्टरांना पटलं नसावं. त्यांनी तपासण्या लिहून दिल्या, त्या सगळ्या चांगल्या आल्या, आणि हे देवाला नारळ फोडून आले. मी तो प्रसाद खाल्ला.

मग मी गुपचूप विरारला गेले. त्या डॉक्टरीणबाईंनी डोळा बघून लगेच ओळखलं. म्हणाल्या, औषध जरा सरकलं आहे, घाबरू नका, दीड-दोन महिन्यांत पापणी वर येईल. थेंब दिले — त्याने थोडा वेळ उघडेल, म्हणाल्या. मग विचारलं, “कुणी चोळलं होतं का?” मी खरं सांगितलं. तेवढ्या एका खोलीत मी खरं बोलले. त्या म्हणाल्या, “चोळल्यामुळेच झालं असं नाही म्हणता येणार. न चोळताही होतं कधीकधी.” हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ते चांगलं लक्षात ठेवलं होतं, आणि ठेवूनही पुढचं केलं.

घरी आले तर दारात चपलाच चपला. माझी नणंद, मायावन्सं, अर्नाळ्याहून आलेल्या. आळीतल्या बायका जमलेल्या. काय झालं, कशाने झालं, सुरू होतं. मायावन्सं म्हणाल्या की समोरच्यांच्या हळदीपासूनच हिचा डोळा बिघडलाय, त्या हळदीतच काहीतरी असणार, आणि मग सगळ्याच तसं म्हणायला लागल्या, आणि मी आपली गप्प —

नाही. हे खोटं आहे. बघा, तुमच्याशीसुद्धा खोटं बोलायला निघाले होते. इतकी वर्षं... वर्षं कसली, फार दिवस नाही झालेत, पण मनाशी मी हे इतक्यांदा असंच सांगितलंय की आता तेच तोंडात येतं. मायावन्संनी नुसतं विचारलं होतं, “अगं, तोंडाला काही लावलं होतंस का?” आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. अशा बघत होत्या की मला वाटलं, यांना कळलंय. कुणीतरी मला दवाखान्याच्या जिन्यात पाहिलंय. पर्समध्ये थेंबांची बाटली होती, ती मला खोलीभर दिसते आहे असं वाटायला लागलं. आणि मी म्हटलं, “काही नाही हो वन्सं. त्या दिवशी हळद लावली ना काकींनी, तेव्हापासूनच डोळा जड आहे.”

मी म्हटलं. पहिला शब्द माझा. वन्संचा नाही, आळीचा नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, बाई घाबरली, तोंडातून निघून गेलं. तसं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.  खोलीतल्या एकीने विचारलं, “तसं हळदीत काही वेगळं जाणवलं का तुला?” मी विचार केल्यासारखं केलं. आणि म्हटलं, “वास जरा वेगळा होता.” हे कुणी माझ्याकडून काढून घेतलं नाही. मी स्वतः, विचार करून, वर घातलं. झाकणाला चीर नसताना मी ती दाखवली.

बाकीचं मग मला करावं लागलं नाही. काकींची नजर आताशा कमी झालीय, दुसराच कुठला कंद खणला असेल. छे, बाजारातून रंग आणून मिसळत असतील, एवढी पिवळी हळद घरची असते का? आणि मग तो तिसरा संशय, दबक्या आवाजातला. काकींच्या भावाची नात सौरभसाठी सांगून आली होती, आम्ही नाही म्हटलं होतं. त्याचा राग तर नाही? पोटात ठेवलं असेल, बाई! तीच हळद नवरीला आणि बाकी सगळ्यांना लागली होती, त्यांना काही झालं नव्हतं, हे कुणी म्हटलं नाही. मला माहीत होतं की काकींनी त्या नकारानंतर दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे अळूवड्या पाठवल्या होत्या. मी ते तिथे सांगितलं का? नाही सांगितलं. उलट खरं सांगते तुम्हाला — थोडा वेळ मलाही वाटून गेलं की असेल हं, राग असेल. सुया कुठे टोचल्या, कुणी टोचल्या, सगळं माहीत असताना मी काकींवर संशय घेतला. असं होऊ शकतं का? झालं खरं.

ते दिवस कसे गेले सांगते, दया यावी म्हणून नव्हे. समोरचं दिसायला मान मागे टाकावी लागायची, तिने मानेला कळ लागायची. गाळ्यात सुपरवायझरने मला तपासणीवरून काढून खोकी चिकटवायला बसवलं. सकाळी थेंब घातले की पापणी जरा उचलायची, दुपारनंतर पुन्हा खाली. आणि प्रत्येक माणूस मला बघून काहीतरी ओळखतोय असं वाटायचं. रिक्षावाला आरशातून बघतोय, त्याला कळलं. ऋतुजा घरी आली होती, फ्रीजमधून पाणी काढताना थेंबांच्या बाटलीवरचं नाव तिने वाचलं आणि बाटली जागेवर ठेवली. काही बोलली नाही. का नाही बोलली? तिला माहीत आहे असा माझा आजही संशय आहे. पण काकींबद्दल कुणी काही म्हणालं की मात्र मला हलकं वाटायचं. तेवढा वेळ कुणी माझ्याकडे बघत नसे.

सौरभच्या हळदीला मायावन्संनी बाजारातून पाकिटातली हळद आणली. मला विचारलं होतं त्यांनी — “काकींना सांगायचं का?” मी म्हटलं, “तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” सौरभ भडकला, म्हणाला, “हे काय चाललंय तुमचं? काकीआजीची हळद नाही तर मला हळदच नको.” मी त्याला म्हटलं, आईचा डोळा गेला असता तर चाललं असतं का तुला?  त्याच्यावर मी तोच डोळा रोखला होता, अर्धा उघडा.

सांगणं न जाताही काकी आल्या. नवी नऊवारी, हातात झाकलेलं पितळी पातेलं. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं, असं कुणी तोंडावर बोलत नाही आमच्याकडे. मायावन्सं पुढे झाल्या, पातेलं हातात घेतलं, म्हणाल्या, “या काकी, बसा,” आणि ते आत नेऊन ठेवलं. काकी जात्यापाशी जायला निघाल्या तर जात्यावर नुसती फुलं वाहिलेली, आणि बाजूला स्टीलच्या ताटात हळद आधीच कालवून तयार. ताटाजवळ पाकीट पडलं होतं, कुणाला उचलायचं सुचलं नव्हतं. काकींनी ते पाकीट पाहिलं. मग मला पाहिलं. मी मान खाली घातली. खालीच घालायला हवी होती असं नाही, पण मान खाली घातली की पापणी दिसत नाही, हे एव्हाना मला जमलं होतं. त्या मागच्या बाजूला खुर्चीवर बसल्या. गाणी कुणीतरी मोबाइलवर लावली. सौरभ उठून त्यांच्यापुढे जाऊन वाकला, गाल पुढे केला. काकींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हळद लावली नाही.

लग्न झालं. दीडेक महिन्यात पापणी आपोआप वर आली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तशीच. आधी सकाळचा डोळा पूर्ण उघडायला लागला, मग दुपारचाही, मग एक दिवस थेंबांची बाटली मी कागदात गुंडाळून सातिवलीच्या कचरापेटीत टाकली. आळीत म्हणाले, बघा, ती हळद बंद केली आणि उतरलं. म्हणजे मी बरी झाले ते काकींच्या विरुद्धच गेलं. त्या मोसमात आळीत आणखी दोन लग्नं झाली. दोन्हीकडे पाकीट. एका घरी काकींना जेवायला तेवढं बोलावलं.

मधे मी पुन्हा विरारला जाऊन सुया घेऊन आले. हेही सांगूनच टाकते. या वेळी आळीत कुणाची हळद नाही हे बघून गेले. माझं कपाळ आता सपाट आहे, विहीणबाई म्हणतात, ताई तुम्ही किती शांत दिसता.

एवढं सगळं सांगितलं तरी अजून एक राहिलंय. तेच खरं सांगायचं होतं.

मागच्या आठवड्यात दुपारी काकी आल्या. मागच्या दाराने, कुंपणातून, पूर्वी यायच्या तशा. घरी मी एकटीच होते. त्यांच्या डोळ्यांभोवती पिवळं दिसत होतं, पापण्यांच्या वळ्यांमध्ये सुद्धा. मी विचारलं, “काकी, हे काय?” त्या खाली बसल्या. म्हणाल्या, “हळद हाय बाय. तुझा असा झाल्यापासून मी रोज लावते, दोनी डोळ्यांना. चोळून लावते. म्हटला, बघू तरी काय होते. माझ्या हळदीत काय वायट असला त मला पण होईल.” मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. त्या म्हणाल्या, “मला काय झाला नाय. एक दिवस पण नाय झाला.”

मला वाटलं, आता त्या म्हणतील, मग तुझं काय झालं होतं ते सांग.  मला वाटलं, संपलं, यांना समजलं. आणि त्याच वेळी — हे खरं आहे — मला बरंही वाटलं. म्हणून टाकू देत एकदाचं.

पण त्या माझ्यासारख्या संशयी नाहीत. त्यांनी सरळ हिशेब केला होता. हळद चांगली आहे, तर मग दोष हातात असणार. त्यांनी आपले दोन्ही अंगठे माझ्यापुढे धरले, सुरकुतलेले, कडेने पिवळे. “खरा सांग बाय, माझा हात जड लागला काय तुला त्या दिवशी? आनंदात होती मी. सौरभचा लगीन जवळ आला म्हणून. जास्त चोळली काय मी?”

घरात दुसरं कुणी नव्हतं. बाहेर कुणी ऐकत नव्हतं. त्या कुणाला सांगणार नव्हत्या. मी सांगितलं असतं तर त्यांनी ते पोटात ठेवलं असतं, हेही मला पक्कं माहीत होतं. माझ्यावर कसलीही सक्ती नव्हती. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या आणि माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

मी म्हटलं, “थोडं जोरात झालं होतं, काकी.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, “चुकला माझा.” आणि वयाने माझ्या सासूच्या जागी असलेल्या त्या बाईने माझ्यापुढे हात जोडले. आता आपण कुणाला हळद लावणार नाही, म्हणाल्या, आणि यंदा वाडीत बियाणंही लावणार नाही. तुला त्रास झाला, मुलाच्या लग्नात तुला नीट मिरवता आलं नाही, मला माफ कर.

मी त्यांचे हात हातात घेतले. म्हटलं, जाऊ द्या काकी, मी कधीच विसरले ते. आणि मी त्यांना माफ केलं.